घाटातल्या कटिंगपुढे दोन तास

भूशास्त्राच्या एमएस्सीला पहिल्या वर्षी आमची पहिली फील्ड ट्रिप माळशेज घाटात गेली होती. रस्त्यालगतच्या एका कटिंगपाशी, म्हणजे रस्त्यासाठी डोंगर कापून उघड्या पडलेल्या भिंतीपाशी, सरांनी आम्हाला सोडलं आणि म्हणाले, "काय दिसतं ते लिहा." मी दहा मिनिटांत वही भरली. खाली भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड, त्याच्यावर वीतभर तांबडा थर आणि त्याच्यावर सलग काळा पाषाण. तीन थर दिसले म्हणून तीन वेगळे खडक लिहिले. सरांनी वही पाहिली, काट मारली नाही. "हातोडा पिशवीत ठेव. खाली बस आणि याचं चित्र काढ," एवढंच म्हणाले.

त्या कटिंगपुढे मी दोन तास बसलो. भूशास्त्राकडे वळणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असे दोन तास यावेत असं मला मनापासून वाटतं, कारण दख्खनचा बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण, घाईत सगळा सारखाच दिसतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांमधून वर आला, पसरला, थिजला. मग पुढचा आला. असे थरावर थर साचून आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत, आणि महाबळेश्वरच्या बाजूला त्यांची एकूण जाडी 2 किलोमीटरच्या आसपास जाते. पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर म्हणतो ते हेच. या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला.

चित्र काढताना आधी न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. काळ्या पाषाणाच्या अगदी तळाशी, तांबड्या थराला टेकून, पेन्सिलीएवढ्या जाड उभ्या नळ्या होत्या, आत पांढरं खनिज भरलेल्या. लाव्हा जमिनीवर पसरला तेव्हा तळातून वर निघू पाहणाऱ्या वायूच्या या वाटा. म्हणजे इथे एका प्रवाहाचा तळ होता. खालचा भोकाभोकांचा दगड हा त्याच्याआधीच्या प्रवाहाचा माथा, वायूचे बुडबुडे वर येऊन जिथे अडकले तो भाग. आणि मधला तांबडा थर? खालच्या प्रवाहाचा माथा उघडा पडून झिजला, त्याची माती झाली, मग वरून नवा तापलेला लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. त्याला आम्ही 'बोल' म्हणतो. तीन खडक नव्हतेच तिथे. दोन प्रवाह होते आणि त्यांच्यामध्ये गेलेला काळ होता. तो काळ वीतभर जाडीत बोटाने दाखवता येतो, याचं मला आजही नवल वाटतं.

साहित्याचं थोडक्यात सांगतो. हातोडा, 10 पट मोठं दाखवणारं भिंग, होकायंत्र, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली, कडक पुठ्ठ्याची वही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि दगड भिंगाकडे आणायचा. नवखी मुलं भिंग दगडावर धरून लांबून पाहतात, मग काहीच दिसत नाही. पांढरं खनिज दिसलं की आम्लाचा एक थेंब टाका. जोरात फसफसलं तर कॅल्साइट. नाही फसफसलं तर चाकूने ओरखडा काढून पाहा. ओरखडा उठला तर बहुधा झिओलाइट, चाकूला दाद दिली नाही तर क्वार्ट्झच्या, म्हणजे गारगोटीच्या कुळातलं. बसाल्ट फोडताना ढलप्या उडतात, म्हणून संरक्षक चष्मा घातल्याशिवाय घाव घालू नका. लेण्यांवर, किल्ल्यांवर, लोणारच्या विवरात हातोडा बाहेरच काढू नका. पावसाळ्यात घाटातल्या कटिंगखाली उभं राहणं जिवावर बेतू शकतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, पण कड्यावर आग्या मोहोळ आहे का ते आधी पाहून घ्या.

जमेल तेव्हा कसाऱ्याच्या बाजूला जाऊन मोठ्या फेल्डस्पारचा बसाल्ट पाहा. काळ्या दगडात फेल्डस्पार या खनिजाचे बोटाएवढे फिकट स्फटिक विखुरलेले असतात. प्रवाहांची क्रमवारी लावताना हे थर खुणेसारखे उपयोगी पडतात. पन्हाळ्याजवळच्या बांदिवड्याचे नैसर्गिक दगडी खांब आणि निघोजचे रांजणखळगेही बघाच. पण फक्त बसाल्ट पाहून शिक्षण पुरं होत नाही. सिंधुदुर्ग आणि पूर्व विदर्भात याहून कितीतरी जुने खडक उघडे आहेत, तिकडची एक तरी ट्रिप चुकवू नका.

नोकरीबद्दल सगळेच विचारतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी आणि यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. शिवाय खाणी, धरणं, बोगदे, मेट्रो. मी भूजलाकडे वळलो आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका विहिरीवर गेलो होतो. वीस-बावीस हात खोदून झालं होतं, सगळा काळा पाषाण, पाण्याचा पत्ता नाही. शेतकरी काम थांबवायच्या बेतात होते. मी नकाशा काढला, तेवढ्यात विहीर खोदणारे मामा क्रेनच्या पाटीतून वर आले. मुठीत तांबडी माती होती.

"साहेब, गेरू लागला. आता खाली मांजऱ्या येणार."

"कशावरून, मामा?"

"गेरूखाली मांजऱ्याच असतो. पाणी त्याच्यातच मिळतं."

मांजऱ्या म्हणजे तोच पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकाभोकांचा दगड. माळशेजच्या कटिंगपुढे बसून मी काढलेलं चित्र मामा वरून खाली वाचत होते. वरच्या प्रवाहाचा तळ संपला, बोल लागला, आता खालच्या प्रवाहाचा माथा. शेतकऱ्यांना मी आणखी चार हात खोदायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मामांनी वर पाठवलेला दगड ओला होता. तेव्हापासून विहिरीच्या नोंदीत मी दोन रकाने ठेवतो, एकात आमचे शब्द आणि शेजारी खोदणाऱ्यांचे.