बँक म्हणते ४,१८८ घ्या आणि मिटवा: क्रेडिट कार्डाच्या गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे पूर्ण कसे मागायचे

माझी मावशी ऐरोलीला राहते, शाळेतून रिटायर झाली, पेन्शनवर आहे. गणपतीत तिच्याकडे गेलो तर मोदकाची ताटली पुढ्यात ठेवून तिने मोबाईलच हातात दिला, म्हणाली बघ रे, बँकेने पैसे परत द्यायचं कबूल केलंय, हो म्हणून टाकू का? मेल वाचला. तिच्या क्रेडिट कार्डावर २६ महिने दर महिन्याला "कार्ड प्रोटेक्ट प्लॅन" नावाच्या विम्याचे ३४९ रुपये आणि वर जीएसटी कापला जात होता, तिने शाखेत जाऊन आरडाओरडा केल्यावर बँकेने लिहिलं होतं की सद्भावना म्हणून आम्ही शेवटच्या १२ महिन्यांचे ४,१८८ रुपये परत देतो, सात दिवसांत होकार कळवा, ही संपूर्ण आणि अंतिम तडजोड समजली जाईल.

मी म्हटलं मावशी, थांब, काही दाबू नकोस.

तर तुम्हालाही असा मेल आला असेल तर आधी हेच, काही दाबू नका. सात दिवसांची मुदत बँकेने स्वतःच्या सोयीने टाकलेली असते, आठव्या दिवशी तुमचा हक्क बुडत नाही. पण "अंतिम तडजोड मान्य" असं एकदा लिहून दिलंत तर पुढे उरलेल्या पैशासाठी भांडताना तोच मेल तुमच्या तोंडावर मारतील. आणि काही बँका तुमच्या होकाराची वाट न बघता पैसे कार्डावर जमा करून मोकळ्या होतात, तसं झालं तर घाबरू नका, त्याच दिवशी एक ओळीचा मेल टाका की ही रक्कम मी फक्त अंशतः परतावा म्हणून धरतोय, उरलेल्या रकमेवरचा माझा हक्क राखून ठेवलाय. एवढंच. गप्प बसू नका फक्त.

आता हिशोब. बँकेचा आकडा बघून लोक खूश होतात कारण स्वतःचा आकडा काढलेलाच नसतो. नेट बँकिंगमधून जितकी जुनी स्टेटमेंट मिळतील तितकी उतरवून घ्या (पीडीएफचा पासवर्ड बहुतेक नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख असाच काहीतरी असतो, मेलमध्ये लिहिलेलं असतं), जी मिळत नाहीत ती बँकेकडे लेखी मागा. आम्ही स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळ्या काढल्या आणि हायलायटर घेऊन बसलो.

मावशीचा हिशोब असा निघाला. ३४९ अधिक १८ टक्के जीएसटी ६२.८२, म्हणजे महिन्याला ४११.८२. गुणिले २६, झाले १०,७०७ रुपये. बँकेने काय केलं बघा, एक तर २६ चे १२ महिने केले आणि वर जीएसटी गाळला. जीएसटी सरकारकडे गेला म्हणतात, जाऊ दे की, खिशातून तर मावशीच्या गेला ना.

मग दुसरा थर, जो जवळजवळ सगळेच विसरतात. मधले पाच महिने मावशीने काकांच्या बहिणीच्या आजारपणात नुसता मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरला होता. त्या काळात विम्याचे ते ४११ रुपयेसुद्धा थकबाकीत पडून होते आणि त्यावर महिना साडेतीन टक्क्याने व्याज चढत होतं, व्याजावर परत जीएसटी. पहिला हप्ता पाच महिने, दुसरा चार, असं करत करत बेरीज केली तर साधारण २५५ रुपये. मावशी म्हणाली जाऊ दे रे अडीचशे रुपये. मी म्हटलं अजिबात नाही, कारण हा आकडा लिहिला की समोरच्याला कळतं हे लोक वहीपेन घेऊन बसलेत.

तिसरा थर म्हणजे तुमचे पैसे बँकेने वापरले त्याचं व्याज. आपल्याकडे याचा ठरलेला दर नाही, पण ग्राहक आयोगाच्या निकालांत ६ ते ९ टक्के नेहमी दिसतात म्हणून आम्ही ९ टक्के सरळव्याज लावलं, ते आलं १,०८४. एकूण १२,०४६ रुपये. कुठे ४,१८८ आणि कुठे हे.

ही तीन थरांची पद्धत मी हवेतून काढलेली नाही. ब्रिटनमध्ये बँकांनी कर्जांवर आणि क्रेडिट कार्डांवर असाच विमा, तिकडे त्याला पीपीआय म्हणतात, लाखो लोकांच्या गळ्यात मारला होता, आणि शेवटी ३८ अब्ज पौंडांच्या वर परत द्यावे लागले. तक्रारीची शेवटची तारीख होती २९ ऑगस्ट २०१९. तिथे परताव्याचं गणित साधारण हेच होतं, भरलेला हप्ता, त्या हप्त्यावर कार्डाने लावलेलं व्याज, आणि वर ८ टक्के सरळव्याज. तो कायदा आपल्याला लागू नाही त्यामुळे पत्रात त्याचा हवाला देऊ नका, पण हिशोब कसा मांडायचा ते तिथून शिकायला हरकत नाही.

आता मुद्दा, विमा चुकीचा विकला हे दाखवायचं कसं.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल मास्टर डायरेक्शन, म्हणजे बँकांना बंधनकारक नियमावली, काढली, ती १ जुलै २०२२ पासून लागू झाली. त्यात स्पष्ट आहे की कार्डाबरोबर विमा द्यायचा तर ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, लेखी किंवा डिजिटल, आणि सोबत नॉमिनीचा तपशील घ्यायचा. म्हणजे "मॅडम तुमचं कार्ड सेफ करतोय, फक्त हो म्हणा" ह्याला संमती म्हणणं जरा अतीच झालं. म्हणून बँकेला हे मागा: संमतीचा पुरावा, म्हणजे सही केलेला फॉर्म किंवा ओटीपीची नोंद. फोनवर विकलं असेल तर त्या कॉलचं रेकॉर्डिंग. पॉलिसीचा किंवा प्लॅनचा मूळ कागद. आणि नोंदवलेला नॉमिनी कोण.

हा शेवटचा प्रश्न साधा वाटतो पण मावशीच्या केसमध्ये त्यानेच काम केलं. बँकेने उत्तरात नॉमिनी म्हणून काकांचं नाव पाठवलं. काका जाऊन सहा वर्षं झाली, प्लॅन सुरू झाला त्याला सव्वादोन. म्हणजे विचारलंच नाही कोणी, खातं उघडतानाचा जुना फॉर्म उचलून नाव चिकटवलं. आणि प्लॅनचा कागद वाचला तर त्यात मोठा फायदा काय, तर नोकरी गेली तर कार्डाची थकबाकी भरू. पेन्शनवर असलेल्या बाईची नोकरी जाणार कशी हे त्यांनाच ठाऊक. तुमच्याही कागदात हे नक्की बघा, ज्या गोष्टीचा क्लेम तुम्ही कधी करूच शकत नव्हता ती विकली असेल तर तो मुद्दा सगळ्यात वर लिहा.

बिलाबद्दल तक्रार केली की ३० दिवसांच्या आत खुलासा आणि जिथे लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा हेही त्याच नियमांत आहे, त्यामुळे "रेकॉर्डिंग उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते तुमच्याच बाजूचं आहे, ते लेखी घ्या.

बँक काय काय म्हणेल ते सांगतो. "इतके महिने भरलंत म्हणजे मान्य होतं." नाही, स्टेटमेंटमधली ओळ लक्षात न येणं ही संमती नाही, ऑटो डेबिट असेल तर लक्षात येणार तरी कसं. "वेलकम मेल पाठवला होता." विकल्यावर मेल पाठवला, संमती आधी लागते. "एवढे दिवस तुम्हाला संरक्षण होतं ना." मावशीसारखी केस असेल तर कसलं संरक्षण. "फ्री-लूकची मुदत संपली." ती मुदत स्वतःहून घेतलेली पॉलिसी आवडली नाही तर परत करायला असते, न मागता आलेल्या पॉलिसीला ती दाखवून काय उपयोग.

आम्ही पाठवलेल्या मेलचा गाभा असा होता, हवा तर उचला:

"आपला अमुक तारखेचा प्रस्ताव मला मान्य नाही. हा प्लॅन मी मागितला नव्हता आणि त्यासाठी स्पष्ट संमती दिलेली नाही. नॉमिनी म्हणून नोंदवलेली व्यक्ती प्लॅन सुरू होण्याआधीच वारलेली आहे. मी निवृत्त असल्याने प्लॅनचा मुख्य लाभ मला मिळूच शकत नव्हता. सोबत महिनावार तक्ता जोडला आहे, त्यानुसार १२,०४६ रुपये परत करावेत आणि प्लॅन आजपासून बंद करावा. आपण १२ महिन्यांचाच परतावा का धरला आणि जीएसटी का वगळला याचे कारण लेखी द्यावे. माझी मागणी अंशतः फेटाळली असल्याने हे प्रकरण आपल्या अंतर्गत लोकपालांकडे गेले होते का, तेही कळवावे."

त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, ते गाळू नका. मोठ्या बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल, म्हणजे फेटाळल्या जाणाऱ्या तक्रारी पुन्हा तपासणारा अधिकारी, असतो, आणि तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळायची असेल तर ग्राहकाला शेवटचं उत्तर द्यायच्या आधी ती त्याच्याकडे आपोआप गेली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्धे पैसे देऊ करणं म्हणजे अर्धी तक्रार फेटाळणंच की. "सद्भावना" हा शब्द वापरून ते हेच झाकतात. बरेचदा ऑफर कस्टमर केअरच्या पातळीवरूनच सुटलेली असते आणि वरच्या कोणी बघितलेलीच नसते, हा प्रश्न विचारला की फाईल हलते. मेल कस्टमर केअरला नको, बँकेच्या वेबसाईटवर तक्रारीच्या पायऱ्या दिलेल्या असतात तिथल्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि त्याच्या वरच्याला पाठवा, तक्रार क्रमांक मिळवा. वयस्कर माणसं असतील तर स्पीड पोस्टने पत्र टाकलं तरी चालतं, पावती जपून ठेवा.

एक मधेच सांगतो, ह्या भांडणात कार्डाचं बाकीचं बिल थकवू नका. राग समजू शकतो पण वाद फक्त त्या ओळीचा आहे, बाकीचं वेळेत भरा नाहीतर लेट फी, व्याज आणि सिबिल, तिन्हीकडून मार बसेल.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. बेलापूरला रिझर्व्ह बँकेची इमारत आहे म्हणून मावशी तिथेच जाऊन बसायला निघाली होती, तशी काही गरज नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस, म्हणजे तक्रारींच्या पोर्टलवर होते, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन, एक पैसा फी नाही. ऑनलाईन जमत नसेल तर चंडीगडच्या केंद्राला कागदावर पाठवता येते आणि ती कुठल्याही भाषेत चालते, म्हणजे चक्क मराठीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर. वकिलामार्फत केलेली तक्रार घेत नाहीत, पण भाचा-पुतण्या वगैरे अधिकृत प्रतिनिधी म्हणून चालतो. आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लावायला विसरलात तर तिथल्या तिथे बंद होते, हे फार जणांचं होतं. लोकपालाच्या २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत दिलेली होती पण एवढं थांबायचं कशाला, कागद हातात आहेत तोवर टाकून द्या.

प्लॅनमागे खरोखर विमा कंपनीची पॉलिसी असेल आणि कंपनीचीच चूक दिसत असेल तर विमा भरोसा हे विम्याच्या तक्रारींचं पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर, आणि पुढे विमा लोकपाल, त्याचं एक ऑफिस आपल्या ठाण्यातच आहे. पण कार्डावर पैसे बँकेने लावले असतील तर आधी बँकेलाच धरा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

ग्राहक आयोग हा शेवटचा रस्ता. पाच लाखांपर्यंत फी नाही, तुम्ही राहता तिथल्या आयोगात जाता येतं, ठाणेकरांना ठाण्यात आणि नवी मुंबईकरांना बेलापूरच्या कोकण भवनात, ऑनलाईनही होतं ई-जागृतीवर. मुदत दोन वर्षं. तारखा पडतात हे मात्र खरं, आणि एकदा तिथे केस टाकली की त्याच विषयावर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तक्रार घेत नाही, म्हणून क्रम उलटा करू नका.

आमचं काय झालं तर, दुसऱ्या मेलला बँकेने ४,१८८ चे ६,००० केले. आम्ही परत नाही म्हटलं आणि महिना संपल्यावर सीएमएसवर टाकली. तिसऱ्या आठवड्यात बँकेतून एका बाईंचा मावशीला फोन, मॅडम आपण बसून मिटवूया. मावशीने मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "फोनवर नको, मेल करा." मेल आला, १०,७०७ आणि व्याजाचे २५५, मिळून १०,९६२ देतो, ९ टक्क्याचं मात्र जमणार नाही. इथे मी मावशीला म्हटलं घेऊन टाक. हजार रुपयांसाठी आणखी चार महिने वाट बघायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आपला आकडा माहीत असला की सोडतोय किती ते तरी कळतं. तडजोडीला हो म्हणताना मेलमध्ये रक्कम, जमा व्हायची तारीख आणि प्लॅन बंद झाल्याची तारीख, तिन्ही लिहून मागा.

आणि नंतरची निदान दोन स्टेटमेंट तपासा. मावशीच्या पुढच्याच बिलात १०,९६२ जमा होते आणि खाली तिसऱ्या ओळीत परत ३४९ अधिक जीएसटी. लगेच मेल टाकला, या वेळी तिने स्वतः.