माळवदाचा वाडा आणि दहा आठवड्यांचा हुरडा

“गावाकडं जुना वाडा आहे, चार एकर रान आहे, पाहुणे ठेवावेत म्हणतो. खोलीला भाडं किती लावू?” असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, वर माळवद आहे का पत्रा?

आमचा वाडा मंगळवेढा तालुक्यातला. ढेलज म्हणजे दारातली देवडी, चौक, तिन्ही बाजूंनी सोपे म्हणजे ओसऱ्या आणि वर माळवद, म्हणजे मातीचं छत. तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, मग कडुनिंब-तरवडाचा पाला, चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. सुरुवातीला गळती कायमची बंद करून देतो म्हणून एका गवंड्यानं वर सिमेंटचा कोबा घातला. पहिल्या पावसाळ्यात थेंब नाही, मी खूश. तिसऱ्या वर्षी कोब्याला केसाएवढी तड गेली, पाणी आत उतरलं आणि वर वाळायला वाट नाही म्हणून तिथंच मुरत राहिलं. मधल्या खणाची तुळई भिंतीत बसते तिथं नख लावलं तर भुगा हातात आला. ऐन हंगामाच्या तोंडावर दोन खोल्या बंद आणि पाहुण्यांचे आगाऊ पैसे परत. माती गळायची तेव्हा निदान कुठं गळतंय ते दिसायचं तरी.

कोबा फोडून पुन्हा पांढरी टाकली. आता मे महिना तिचाच. मृगाच्या आधी नवी माती पसरायची, उंदरांची बिळं बुजवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. श्रावणात वर गवत उगवतं ते मुळासकट उपटावं लागतं, नाहीतर मूळ कुजून तिथंच भोक पडतं. मुलांच्या सुट्टीत गर्दी होईल या आशेवर मेचा हिशेब मांडू नका. 40-42 अंशांत सोलापूरकडं कोण येतंय? जाड भिंतींमुळं दुपार निभते, रात्री मात्र आम्हीच अंथरूण घेऊन माळवदावर जातो.

कमाई हुरड्याची. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दहा आठवडे, त्यातही शनिवार-रविवार. इथं नवीन माणूस हमखास फसतो तो पेरणीत. सगळं रान एकदम पेरलं तर सगळी कणसं एकदम दुधात येतात आणि आठवडाभरात निबर होतात. मी तीन-चार पट्टे करतो, प्रत्येकात आठ-दहा दिवसांचं अंतर. आणि हुरड्याला गूळभेंडी किंवा सुरती लावा. आमची मालदांडी भाकरीला राणी, पण हातावर चोळताना तिचं बोंड लवकर सुटत नाही. पुण्याचे पाहुणे दोन कणसांत हात टेकतात. आगटीला शेणाच्या गोवऱ्याच हव्यात आणि कणसं भाजणारा माणूस जाणता हवा. जाळावर धरली तर करपतात, आरात, म्हणजे निखाऱ्यांत, खुपसावी लागतात. सोबत शेंगाचटणी, दही, गूळ, बोरं. एवढ्यावर माणसं तृप्त होतात. पनीरच्या भाजीच्या नादी मी एक वर्ष लागलो, ते सोडून दिलं.

संक्रांतीच्या आसपास सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला आलेली माणसं एक दिवस इकडं वळतात, तेव्हाच्या तारखा आधी अडवून ठेवा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मात्र मी पैसे घेऊन कुणाला ठेवत नाही. त्या दिवशी भज्जी-आंबील खायला अख्खं गणगोत रानात असतं, येईल त्यानं पंगतीला बसावं. आषाढीला विजापूर वाटेनं येणाऱ्या दिंड्या सोप्यात टेकतात, त्यांच्याकडूनही घ्यायचे नाहीत. हे हिशेबात आधीच धरा, नंतर चिडचिड नको.

कागदपत्रांचं थोडक्यात: 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करा, जेवण देणार असाल तर अन्न परवानाही काढा. त्याआधी घरातली भाऊबंदकी मिटवा. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर पहिली सही त्यांचीच लागते.

चौकात आमचं जुनं पेव आहे, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं तळघर. ते दिसलं की दामाजीपंतांची गोष्ट निघतेच, आणि पहिली दोन वर्षं मीही “त्याच काळातलं असेल” असं मोघम सांगून वेळ मारून नेली. एकदा बार्शीच्या एका आजोबांनी “कशावरून?” विचारलं आणि मला उत्तर सुचेना. आता पंतांनी दुष्काळात लोकांसाठी मोकळं केलेलं कोठार मंगळवेढ्यातलं आणि हे आमच्या पणज्यांचं, असं सरळ सांगतो. ऐकणाऱ्याचं कौतुक काही कमी होत नाही. पेवात पाहुण्यांना उतरू मात्र देऊ नका. बंद पेवातली हवा कोंडलेली असते. घरचं कुणी साफ करायला उतरणार असलं तरी झाकण दिवसभर उघडं ठेवतो, मग दोरीनं कंदील खाली सोडतो. तो विझला तर त्या दिवशी पेव बंद.

परवा वळवाची सर आली तेव्हा खोलीत नाशिकचं कुटुंब होतं. मी बॅटरी घेऊन शिडीनं वर गेलो, गळतं तिथं टाचेनं माती दाबली. खालून त्यांची मुलगी ओरडली, “काका, थांबलं!” वर पाऊस चालूच होता.