२^३१ − १ मूळ आहे हे सिद्ध करायला घेताय? पाया २ बाजूला ठेवा

नंबर थिअरीच्या प्रकल्पासाठी मोठी मूळ संख्या हवी असेल तर २^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ घ्या. ऑयलरने १७७२ साली ती मूळ असल्याचं दाखवलं, तेही हाताने. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

घाबरायचं ते फर्माच्या कसोटीला, तीही पाया २ घेऊन लावली तर. न विषम मूळ असेल तर २^(न−१) ला न ने भागून बाकी १ येते. याचं उलट खरं नाही, हे ठाऊक असतंच. पण न = २^प − १ असला, प मूळ असला, की ही कसोटी काही तपासतच नाही. कारण बघा. २^प ला न ने भागलं की बाकी १. न−१ म्हणजे २^प − २; प मूळ असल्याने त्याला प ने भाग जातो. म्हणजे २^(न−१) हा २^प चाच कुठलातरी घात. बाकी १ येणारच, न मूळ असो वा नसो. २०४७ घ्या, म्हणजे २^११ − १. २०४६ = ११ × १८६, म्हणून बाकी १. आणि २०४७ = २३ × ८९! मिलर-रॅबिन ही त्याहून कडक कसोटीही पाया २ वर इथं फसते, कारण २०४६ चं निम्मं, १०२३ सुद्धा ११ च्या पाढ्यात आहे. हे कागदावर स्वतः करा. नोट्समधली ट्रिक पाठ करून तोंडी परीक्षेला गेलात तर पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

मार्गदर्शक असा धरा, जो "उलट खरं आहे का?" असं विचारतो. त्यासाठी संभाजीनगरलाच जावं लागतं असं नाही. सेलू-उदगीरच्या कॉलेजातही अशी माणसं असतात.

सरळ वाट ल्यूका-लेमरची, म्हणजे खास २^प − १ साठीच्या कसोटीची. इथून पुढे न म्हणजे २^३१ − १. ४ पासून सुरू करा, वर्ग करून २ वजा, न ने भागून बाकी. असं प − २, म्हणजे २९ वेळा. शेवटी ० आलं की सिद्ध. आधी छोट्या ३१ वर, म्हणजे २^५ − १ वर, हात बसवा: ४, १४, ८, ०. प्रोग्रॅम सी मध्ये असेल तर इंट वापरू नका. ३२ बिटच्या इंटची कमाल मर्यादाच ही संख्या आहे, वर्ग मावणार कुठं? लाँग लाँग घ्या. उत्तर चुकलं तर आधी हेच तपासा, गणितावर शंका नंतर.

ऑयलरची वाट मात्र एकदा तरी चालून बघाच. मूळ भाजक ६२क + १ असाच हवा, शिवाय ८ ने भागून बाकी १ किंवा ७. म्हणून उरतात २४८क + १ आणि २४८क + ६३. वर्गमूळ ४६,३४१ च्या किंचित खाली, तेव्हा तपासायच्या संख्या फक्त ३७३. त्यातल्याही कित्येक ३, ५, ७ ने कटतात.

वेळ उरला तर न−१ फोडा: २ × ३² × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. इथं पाया ७ घ्या. ७^(न−१) ची बाकी १ येते. पण न−१ ला या सातपैकी कुठल्याही मूळ अवयवाने भागून तो घात घेतला तर १ येत नाही. तेवढ्यानेही न मूळ ठरतो.