रात्रीचा घाम, उडालेली झोप आणि मला लागू पडलेला उपाय

पंचेचाळिशीनंतर माझी पाळी अनियमित झाली आणि त्याच सुमारास रात्री छातीपासून चेहऱ्यापर्यंत उष्णतेची लाट येऊन मी घामाने चिंब होऊन जागी होऊ लागले. धडधड आणि चिडचिड थायरॉईडच्या विकारातही होते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधी थायरॉईड व हिमोग्लोबिन तपासले; दोन्ही ठीक निघाल्यावर त्यांनी सांगितले की हा रजोनिवृत्तीच्या, म्हणजे पाळी कायमची थांबण्याच्या, आधीचा काळ आहे आणि या वयात त्याचे निदान मुख्यतः लक्षणांवरूनच होते, कारण संप्रेरकांची (हार्मोन्सची) पातळी सतत बदलत असल्याने रक्ताच्या एका तपासणीवर विसंबता येत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमीजास्त होऊ लागले की मेंदूतील तापमान राखणारे केंद्र किंचित उष्णतेनेही घाम आणते, हे कळल्यावर माझी भीती पुष्कळ ओसरली.

मी लक्षणांची वही ठेवली. तिखट जेवण आणि संध्याकाळचा चहा यांनंतर लाटा वाढतात हे त्यातून दिसले, म्हणून दोन्ही कमी केले. तरीही झोप सुधारेना, तेव्हा रक्तदाब, मॅमोग्राफी आणि घरातील कर्करोगाचा व रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास पाहून बाईंनी संप्रेरक उपचार सुरू केले. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरकही द्यावेच लागते, अन्यथा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून मैत्रिणीच्या गोळ्या कुणीही परस्पर घेऊ नयेत. काही आठवड्यांत मी रात्रभर झोपू लागले.

सलग 12 महिने पाळी न आल्यावरच रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. त्यानंतर थोडाही रक्तस्राव झाला, तर विनाविलंब तपासणी करून घ्यावी.