पावसाळ्यात घरातली झाडं: चिलटं, मिलीबग आणि भिंतीची ओल

बेळगावात जून लागला की घरात काय होतंय ते वेगळं सांगायला नको, मिठाला पाणी सुटतंय, कपाटातल्या साड्यांना वास, चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी, आणि त्याच घरात खिडकीजवळ आपला मनी प्लांट, पीस लिली, जेड असं सगळं मांडलेलं. खानापूर-कणकुंबीकडच्यांचं तर विचारूच नका. पण तेच घर मार्चमध्ये एवढं कोरडं होतं की ओठ फुटतात. म्हणजे एका वर्षात दोन वेगळी घरं, आणि आपण पाणी मात्र बारा महिने सारखंच घालतो, सकाळचा चहा झाला की कुंडीत एक तांब्या. माझं तर स्पष्ट मत आहे की घरातल्या निम्म्या किडी आपण ह्या तांब्यानंच आणतो.

अनगोळात राहायला आल्यावर पहिल्याच जुलैत चहाच्या कपाभोवती बारकी काळी चिलटं फिरायला लागली, मी आठ दिवस केळी झाकून ठेवली आणि ओट्याला फिनेल मारत बसले. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं केळ्याला काय दोष देतीस, पाणी जास्त घालालीस तू, कुंडीत बघ की." कुंडी हलवली तर मातीवरून पाच-सहा चिलटं उठली. ओळख सोपी आहे, केळ्यावरची चिलटं फळाभोवती घोटाळतात, ही मातीवर तुरुतुरु चालतात. खात्री करायची तर बटाट्याची एक चकती मातीवर पालथी दाबून ठेवा आणि एक-दोन दिवसांनी उचलून बघा, खाली दोऱ्यासारख्या पांढुरक्या, पारदर्शक अळ्या आणि त्यांचं टोकाला टाचणीएवढं काळं डोकं. किळस येते पण एकदा बघाच, मग तांब्या आपोआप खाली राहतो.

ही चिलटं अंडी वरच्या ओल्या मातीत घालतात, त्यामुळे वरची दोन इंच माती कोरडी पडू देणं हाच खरा उपाय. बोटावर विश्वास नसेल तर उदबत्तीची जळून उरलेली काडी खोल खुपसा, ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही, विषय संपला. पावसाळ्यात माझ्या स्नेक प्लांटला कधीकधी महिनाभर पाणी लागत नाही. पिवळी चिकट कार्डं मिळतात ती लावा, पण त्यावर फक्त उडणारी सापडतात, अळ्या खाली मजेत असतात, म्हणून तीन-चार आठवडे धीर धरायचा. आणि चहाचा चोथा, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी हे बागेत ठीक, घरातल्या कुंडीत नको.

कुंडीत खाली खडी घातली की पाणी निचरतं असं सगळे सांगतात, तसं होत नाही, पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडकून राहतं. त्यापेक्षा मातीतच भाताचं तूस किंवा जाड वाळू मिसळा, आपल्याकडं तुसाला काय तोटा आहे. बशीत साठलेलं पाणी मात्र लगेच ओतून टाकायचं.

हवेतली ओल मोजायला काही शे रुपयांचा छोटा मीटर मिळतो. बहुतेक झाडांना ४० ते ६० टक्के पुरते, माझ्या हॉलमध्ये जुलैत तो ८५ च्या खाली येतच नव्हता. अशा वेळी कुंड्या भिंतीपासून वीतभर लांब, एकमेकांपासून सुट्या, आणि रोज दोन-तीन तास पंखा स्लो वर. पाऊस उघडला की खिडकी उघडा. पानांवर पाणी फवारणं पूर्ण बंद. मातीवर पांढरा कापूस दिसला तर घाबरू नका, ती बुरशी सहसा झाडाला काही करत नाही, खरवडून काढा आणि माती सुकू द्या. पानावर पिठासारखी भुरी आली तर मात्र ते पान तोडून बाहेर.

मिलीबगचं, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या पिठ्या ढेकणाचं, वेगळं. जेडच्या पेरात कापूस अडकलाय असं वाटतं, काडीनं हलवलं की कापूस चालायला लागतो! कानात घालायची कापसाची काडी जखम पुसायच्या स्पिरिटमध्ये बुडवून एकेकाला पुसायचं, आधी एका पानावर लावून दुसऱ्या दिवशी बघा. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर वर मिलीबग किंवा मावा बहुतेक असणार असं समजा, त्यांचा गोड चिकटा खायला येतात त्या. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, नीट हलवून संध्याकाळी पानाच्या खालून मारा. अंडी त्यात मरत नाहीत, म्हणून सात दिवसांच्या अंतरानं तीनदा.

आमची आत्या निपाणीची, ती म्हणते तंबाखू भिजवून मार की, एक कीड राहायची नाही. किडी मरतात हे खरं, पण तंबाखूतलं निकोटिन कातडीतून अंगात जातं, पोराबाळांच्या घरात मी तरी नाही मारणार. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा, म्हणजे पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा, व्हायरस लागू शकतो, तंबाखू मळणाऱ्यांनी रोपाला हात लावायच्या आधी साबणानं धुवावेत.

उन्हाळ्यात उलटं, हवा कोरडी झाली की लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी ठिपक्याएवढी कीड. पान फिकं, ठिपक्याठिपक्याचं दिसलं की खाली पांढरा कागद धरून झटका, ठिपके चालले तर तेच. बाथरूममध्ये नेऊन पानाची खालची बाजू जोरात धुवा, दर तीन-चार दिवसांनी. उन्हाळ्यात कीड नसलेल्या कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर चालतं.

आणि नवीन झाड आणलं की दोन आठवडे बाकीच्यांपासून लांब, माझं बाथरूमच्या खिडकीत असतं. घेतानाच पानं उलटून बघायची, नर्सरीवाला वैतागला तरी.