भूत की भास? गूढ शॉर्टफिल्म करताना या चुका टाळा

गूढ शॉर्टफिल्मची संहिता उघडली की पहिल्याच पानावर धुकं, करकरणारं दार आणि काळं मांजर हजर. नसते ती शंका. ‘हे खरंच घडतंय की हिच्या मनाचे खेळ?’ असं वाचकाला वाटत राहतं तोवरच कथा अद्भुताच्या प्रांतात असते, असं त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० साली साहित्याबद्दल मांडलं. सिनेमालाही ते लागू पडतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सगळे पुरावे एकाच पारड्यात टाकणं. ‘द इनोसंट्स’ (१९६१) बघा. मुलांना सांभाळणाऱ्या बाईला भुतं दिसतात, पण तिच्याशिवाय कुणी ती पाहिल्याचं कबूल करत नाही. म्हणजे भास! मग मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत मेलेली शिक्षिका रडताना दिसते, नाहीशी होते, आणि मागे अश्रूचा ओला थेंब उरतो. आता काय म्हणाल? छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी तर रंगवलेले फिल्टर वापरून रुंद चौकटीच्या कडाच काळवंडून टाकल्या. नजर सारखी त्या अंधाराकडे वळते. तुमच्या संहितेच्या समासात प्रत्येक प्रसंगासमोर ‘भूत’ किंवा ‘भास’ लिहून पाहा. एकाच शब्दाची रांग लागली, तर पुन्हा लिहायला बसा.

मात्र संदिग्धता म्हणजे गोंधळ नव्हे. कोण कुठे आहे, रात्र आहे की पहाट, हे स्वच्छ कळलंच पाहिजे.

दुसरी चूक: दाखवण्याची घाई. ‘कॅट पीपल’मध्ये (१९४२) पोहण्याच्या तलावाभोवती फक्त सावल्या आणि गुरगुर आहे. दिवा लागतो तेव्हा समोर एक बाई उभी असते, बस्स. पण नंतर पोहणारीचा झगा चिंध्या झालेला सापडतो.

शेवटी ‘सगळं स्वप्न होतं’ नकोच. उलगडा करायचाच असेल तर ‘महल’सारखा (१९४९) करा. तिथे भूत खोटं ठरतं (पाऊणशे वर्षं झाली, रहस्य फोडलं म्हणून रागावू नका), पण नायकाचं झपाटलेपण खरंच राहतं.

शूटिंग उरकलंय आणि भूत ढळढळीत दिसतंय? तो शॉट काढा, पाहणाऱ्याचा चेहरा दोन सेकंद जास्त ठेवा आणि त्याखालचं संगीत बंद करून बघा.