योगवर्ग लावताय? पैसे भरण्याआधी एवढं करा

आमच्या भागातल्या एका योग स्टुडिओत मी वर्षाचे १८ हजार एकरकमी भरले होते. चौथ्या महिन्यात एका सकाळी मॅट काखोटीला मारून पोचलो, तर शटर खाली आणि त्यावर कागद: 'नूतनीकरणासाठी वर्ग काही दिवस बंद'. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारायला गेलो, तर तिथे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय करून ठेवलेली. तेव्हापासून कोणी 'कुठला क्लास चांगला?' असं विचारलं की मी फीचं आधी बोलतो, आसनांचं नंतर.

ट्रायल घ्या, पण त्या दिवशी पैसे भरू नका

ट्रायलचा शेवट शवासनाने होतो. दिवे मंद, तानपुरा मंद, माणूस लोण्यासारखा मऊ झालेला. बाहेर आलं की हातात लिंबूपाणी आणि काउंटरवरून गोड आवाज: "सर, ऑफर आजच्यापुरतीच आहे हां." ऑफर पुढच्या आठवड्यातही असते. "घरी विचारून सांगतो" म्हणा आणि चपला घाला. या उत्तरावर अजून कुणाला उपाय सापडलेला नाही.

ट्रायल रोज जाणार त्याच बॅचची मागा. शनिवारी ११ वाजता हॉल रिकामाच असतो. सोमवारी सकाळी साडेसहाला हात पसरला की शेजारच्याच्या नाकाला लागतो का, ते बघायचंय. शिक्षक फिरून चुका सुधारतात की पुढे बसून स्वतःचाच व्यायाम उरकतात, हेही तेव्हाच कळतं.

शिकवणार कोण, ते विचारा

भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर नाव मालकाचं असतं, आणि तुम्हाला शिकवायला येतो तिसराच कोणीतरी. त्याचं शिक्षण विचारा. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं योग सर्टिफिकेशन बोर्ड परीक्षेवर आधारित प्रमाणपत्रं देतं. ते असेल तर चांगलंच. '२०० तासांचा कोर्स' ऐकून फार भारावू नका, तो महिन्याभरातही उरकता येतो.

माझी स्वतःची परीक्षा सोपी आहे. "बीपी जास्त असतो, शीर्षासन जमेल का?" असं विचारायचं. "ते सध्या नको, आधी डॉक्टरांशी बोला," असं उत्तर आलं तर माणूस बरा. "काही होत नाही, सवयीने जमतं," असं म्हणाला तर मॅट गुंडाळा. काचबिंदू, मानेचं दुखणं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर ते न विचारताच सांगा, आणि समोरचा ते लिहून घेतो का बघा.

वर्षाचा हिशेब कागदावर मांडा

समजा महिन्याची फी २,२०० आणि वर्षाची १८,०००. काउंटरवरची मुलगी सांगते, ८,४०० वाचले. पण महिन्यामहिन्याने भरलं तर आठ महिन्यांची फी होते १७,६००. म्हणजे वार्षिक फी परवडते ती नवव्या महिन्यापासून. पाऊस, गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा वजा करून तुम्ही नऊ महिने जाणार आहात का? पहिले तीन महिने महिन्याचीच फी भरा. महाग पडलं तरी चालेल.

'नो कॉस्ट ईएमआय' हा तर खास सापळा. तो हप्ता बहुतेकदा स्टुडिओचा नसतो, एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता थांबेलच असं नाही, आणि चुकवला तर सिबिल स्कोअर तुमचा खराब. यूपीआय ऑटोपे लावलं असेल तर ते कुठून बंद करायचं, हे लावतानाच बघून ठेवा.

पावती

इथेच मी फसलो. पैसे मालकाच्या वैयक्तिक नंबरवर गेले आणि पावती म्हणून आला एक नमस्काराचा इमोजी. पावतीवर स्टुडिओचं नाव, रक्कम, मुदत हवी. जीएसटी लावला असेल तर १५ अक्षरांचा नंबर हवा. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की खरा-खोटा कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून योगकेंद्रांच्या सेवेवर ५ टक्के दर आहे. कोणी अजून १८ टक्के लावत असेल तर विचारा.

मधेच आजारी पडलो तर दिवस पुढे ढकलता येतील का, सदस्यत्व दुसऱ्याला देता येईल का, स्टुडिओच बंद झाला तर पैसे किती दिवसांत परत, ही उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

ट्रस्टचे वर्गही बघा. नागपूरचं जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळ विनामूल्य शिकवतं. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ पासून आणि लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून उभं आहे. तिथे काउंटरवर लिंबूपाणी मिळेल की नाही, माहीत नाही.

तरीही फसलात तर

आधी स्टुडिओला लेखी मागणी करा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार. तरीही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. 'फी परत मिळणार नाही' असं पावतीवर छापलंय म्हणून गप्प बसू नका. न दिलेल्या सेवेचे पैसे मागता येतात.

पुरावे मात्र लगेच गोळा करा. शटरवरच्या त्या कागदाचा फोटो मी काढला नाही. आठवड्याने गेलो, तर तिथे मोबाइल कव्हरच्या दुकानाचं फर्निचर उतरत होतं.